तीन संशयित आणि बंद घड्याळ

सरांनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. प्रत्येक गटाने एक उचलायची आणि त्यावर जो प्रकार लिहिला असेल त्यातली आठ मिनिटांची फिल्म करायची. आमच्या आधीच्या गटाला विनोदी निघाली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात घातला आणि निघाली ‘रहस्यपट’.

मी तेव्हा भिलाईच्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होते. फिल्म हा आमचा एक विषय होता. गटात आम्ही तिघं. एक मल्याळी मित्र, त्याच्याकडे बऱ्यापैकी कॅमेरा होता आणि तो कुणाच्या हातात न देण्याचा हट्टही होता. एक कुरुदची मैत्रीण, छत्तीसगढी घरातली. आवाज आणि एडिटिंग तिच्याकडे. आणि मी, लिहिणारी, म्हणून दिग्दर्शकही. आमचं आपसातलं सगळं बोलणं हिंदीत. मराठी मी फक्त घरी बोलायची, तीही नागपुरी वळणाची, कारण आईबाबा भंडाऱ्याकडचे. बाबा स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवत. निवृत्त झाल्यावर सेक्टरमधलं क्वार्टर सोडून आम्ही नेहरू नगरात स्वतःच्या घरात आलो होतो.

पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, “रहस्यपट सुरू होण्याआधी प्रेक्षकाला काय काय माहीत असतं?”

“काहीच नाही,” मित्र म्हणाला. “म्हणूनच तर रहस्य.”

सर हसले. “चूक. त्याला जवळजवळ सगळं माहीत असतं. काहीतरी घडणार, कुणीतरी शोधायला येणार, तीन-चार जणांवर संशय जाणार, ज्याच्यावर सगळ्यात जास्त जाईल तो निर्दोष निघणार आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून उत्तर सांगणार. प्रेक्षक अर्धी फिल्म घरून घेऊन येतो. तुम्ही फक्त उरलेली अर्धी करायची आहे.”

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी एक वही केली आणि दोन आठवडे जेवढे रहस्यपट मिळाले तेवढे पाहिले. बरोबर आई. स्वयंपाक उरकून ती येऊन बसायची आणि पंधरा-वीस मिनिटांत बोट दाखवायची, “हा हाय पाय,” म्हणजे हाच तो, बघ. दहापैकी सात वेळा तिचं बरोबर निघायचं.

“तुले कसं समजते?” मी विचारलं.

“ज्या माणसाचं तिथं काही काम नाही आन् तरी तो हर वेळी दिसते, तोच असते,” आई म्हणाली. “बिनकामाच्या माणसाले कोन फुकट खाऊ घालन?”

मी ते वहीत लिहून घेतलं. सरांनी जे तासभर समजावलं असतं ते आईने एका वाक्यात सांगितलं होतं. प्रेक्षक गोष्ट पाहत नाही, तो गोष्ट बनवणाऱ्याला पाहत असतो. यानं हे मला कशाला दाखवलं, हा त्याचा सारखा हिशोब. मग लपवायचं कसं? पुढचे कितीतरी दिवस मी याच एका प्रश्नामागे होते. बसमध्ये समोरच्या माणसांकडे पाहून मी ठरवायची, यातला कोण संशयित वाटतो आणि का. शर्टाची वरची गुंडी लावलेला? सारखा मागे पाहणारा? की जो काहीच करत नाही तो?

आमची गोष्ट साधी ठेवली. एका विधवा बाईच्या घरून तिच्या नवऱ्याचं मनगटी घड्याळ जातं, निवृत्तीच्या दिवशी त्याला भेट मिळालेलं. त्या दुपारी घरात तीन माणसं: वरच्या खोलीतला भाडेकरू, कामवाली आणि सुट्टीला आलेली भाची. बाईच्या ओळखीतला एक वयस्कर गृहस्थ चौकशीला येतो. तो प्रत्येकाला विचारतो, तुम्ही खोलीतून कधी निघालात? भाडेकरू म्हणतो, तीनच्या सुमारास. कामवाली म्हणते, भांडी झाल्यावर. भाची म्हणते, “तीन वाजून बारा मिनिटांनी.” आता त्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद आहे, आणि भाचीचा मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेला आहे. मग तिला बारा मिनिटं कळली कशी? हातात ते घड्याळ होतं म्हणून. बंद घड्याळ आम्ही पहिल्याच मिनिटात दाखवणार होतो. प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचं आणि तरी त्याला दिसू द्यायचं नाही, हा आमचा डाव.

माणसं घरचीच घेतली. विधवा बाई माझी आई. “कुंकू काढायचं? मले नाई चालत,” ती म्हणाली, मग आम्ही कथेतल्या बाईला छोटी काळी टिकली लावू दिली. भाडेकरू म्हणून शेजारचे तेलुगू काका, बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने इतके गरीब की दृश्यात रागवायचं म्हटलं तरी आधी “सॉरी” म्हणत. कामवाली म्हणून गल्लीत शिलाईकाम करणाऱ्या मावशी. भाची म्हणजे कुरुदची मैत्रीणच. आणि चौकशी करणारे गृहस्थ म्हणून मला पहिल्यापासून बाबा हवे होते. त्यांचा आवाज खर्जातला, चष्म्यावरून पाहायची सवय, आणि तरुणपणी ते आमच्या सेक्टरातल्या मराठी मंडळाच्या नाटकांत काम करायचे हे मी ऐकून होते. आमच्याकडे एक जुना फोटोही आहे, बाबा पगडी घालून, मिशी लावून उभे. मंडळ त्यांनी मी दोन वर्षांची असताना सोडलं. का, ते कधी बोलण्यात आलं नव्हतं.

“बाबा, तुमी करान का?” मी विचारलं.

आई चटकन म्हणाली, “त्याइले कायले ओढतं त्याच्यात?”

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, “करतो. पोरीचा अभ्यास हाय.”

पहिल्या रविवारी आम्ही चौकशीची दृश्यं घेतली. हायवे घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. ट्रकचा हॉर्न आला की मैत्रीण हेडफोन काढून हात वर करायची आणि सगळे पुतळ्यासारखे थांबायचे. पाचला कोचिंग क्लास सुटले, मग सायकली आणि स्कूट्यांचा असा कल्ला झाला की काम बंदच करावं लागलं. पण बाबा फार छान बोलले. संवाद हिंदीत होते. त्यांच्या हिंदीला भंडाऱ्याची चाल होती आणि तीच त्या माणसाला शोभत होती. ते प्रश्न विचारून थांबायचे, समोरच्याला बोलू द्यायचे. मावशी तर खरंच घाबरल्या. “भाईसाहब, मैंने कुछ नहीं लिया,” हे त्यांचं वाक्य संवादात नव्हतंच.

मैत्रिणीने दोन दिवसांत कच्ची जोडणी केली. शेवटचं दृश्य अजून व्हायचं होतं. मी गल्लीतल्या पाच बायकांना घरी बोलावलं, लॅपटॉपवर साडेपाच मिनिटं दाखवली आणि विचारलं, “घड्याळ कुणी घेतलं?”

पाचही जणी म्हणाल्या, भाडेकरूने.

मी चकित झाले. कामवालीचं नाव येईल अशी मला भीती होती. भाचीचं कुणी घेतलं तर आपला डाव फसला असं मी धरलं होतं. पण काका? काकांना तर आम्ही काहीच करायला लावलं नव्हतं. “का पण?” मी विचारलं.

“बघतो कसा तो,” एक म्हणाली.

“मनात काहीतरी आहे त्याच्या,” दुसरी म्हणाली.

बायका गेल्यावर आम्ही तिघांनी ते दृश्य परत परत लावलं. चौथ्यांदा मैत्रिणीच्या लक्षात आलं. काका उत्तर देऊन झाल्यावर मित्राने कॅमेरा बंद करायला उशीर केला होता, आणि तिने जोडताना तो तुकडा तसाच राहू दिला होता. दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत काका नुसते पाहत होते, बहुधा आता उठायचं की नाही या विचारात. मैत्रिणीने ते दोन सेकंद कापले. परत लावलं. काका एकदम निरपराध झाले. मग तिने तेवढेच दोन सेकंद मावशींच्या चेहऱ्यावर वाढवले, आणि आमच्याच डोळ्यांसमोर मावशी चोर दिसू लागल्या.

“यार, ये तो खतरनाक चीज है,” मित्र म्हणाला.

आम्ही संध्याकाळपर्यंत हाच खेळ खेळत होतो. कुणावरही दोन सेकंद जास्त थांबा, तो दोषी. चेहरा तोच, शब्द तेच. एवढ्याशा गोष्टीने माणूस बदलतो याचं मला इतकं नवल वाटत होतं की मी बाबांना हाक मारून बोलावलं. ते मागे उभे राहून पाहत होते. दोन्ही प्रकार पाहिले, परत दाखव म्हणाले, आणि आत गेले.

पुढच्या रविवारी शेवटचं दृश्य. सगळे बैठकीच्या खोलीत, बाबा मध्ये उभे. त्यांनी सगळा तपास सांगायचा, आधी सगळ्यांचं लक्ष भाडेकरूकडे वळवायचं, मग बंद घड्याळाकडे पाहायचं आणि वळून भाचीकडे बोट दाखवायचं: “घडी तुमने ली है.” एवढंच वाक्य.

पहिल्या वेळी ते वाक्य विसरले. दुसऱ्या वेळी हात अर्ध्यावर आला आणि खाली गेला. तिसऱ्या वेळी म्हणाले, “मुझे लगता है, शायद...” आणि थांबले. चौथ्या, पाचव्या वेळी असंच. मित्र नम्रपणे म्हणाला, “अंकल, थोड़ा कॉन्फिडेंस से. आपको सब पता चल चुका है.”

“पता चल चुका है,” बाबांनी त्याचे शब्द उच्चारून पाहिले. मग चष्मा काढला, माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, “मले नाई जमत हे. दुसरा कोनी पाय.” आणि अंगणात जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागले.

मला राग आला होता. सगळी माणसं जमलेली, सादरीकरण दहा दिवसांवर, आणि सगळं नीट करणाऱ्या माणसाला एक बोट दाखवता येत नाही. आईने सगळ्यांना पोहे दिले आणि पाठवलं. मला म्हणाली, “मी म्हनलं होतं तुले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उन्हात बसून मटार सोलत होते. हिवाळ्यात हे काम त्यांचं. मीही जाऊन बसले. बराच वेळ दोघंही सोलत होतो. मग मीच विचारलं, “बाबा, कावून नाई जमलं?”

“मी एकदा केलं हाय ते,” ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. मंडळाचं नाटक दहा दिवसांवर आलं होतं. पार्श्वसंगीतासाठी मंडळाने एक टेपरेकॉर्डर घेतला होता, तो कपाटात असायचा. एके दिवशी कपाट उघडलं तर टेपरेकॉर्डर नाही. किल्ली एकाच माणसाकडे असायची; तो पडदा आणि दिवे सांभाळायचा, बाबांचा चांगला मित्र. रविवारच्या बैठकीत पंधरा-सोळा माणसं जमली. सगळे गोंधळात. बाबा उभे राहिले.

“मले वाटलं, मी डोकं लावून राहिलो,” बाबा म्हणाले. “एकेक मुद्दा मांडला. कुलूप तुटलं नाई. किल्ली एकच. शेवटी कपाट कोनी बंद केलं. पहा, जसं तुह्या फिलममध्ये हाय तसंच. लोक ऐकून राहिले होते. खरं सांगू, मले मजा येऊन राहिली होती. नाटकात काम केल्यासारखं वाटत होतं. आन् शेवटी मी बोट दाखवलं.”

“मग?”

“तो उठला. किल्ली खाली ठेवली आन् गेला. मंग मंडळात आला नाई.”

नाटक झालं, दुसऱ्याचा टेपरेकॉर्डर आणून. पुढच्या वर्षी कपड्यांची पेटी उपसली तेव्हा तळाशी, एका शालीत गुंडाळलेला तो टेपरेकॉर्डर निघाला. पगडीच्या खाली.

“कोणी ठेवला होता?”

बाबांनी शेंग तशीच हातात धरली. “कोनाले माहीत. सामान बांधाले आमी चार-पाच जन होतो. मीही ठेवला असन. मले आठवत नाई, आन् आठवत नाई म्हणून नाई असं म्हणता येत नाई.” थोड्या वेळाने म्हणाले, “त्याच्या घरी जाईन जाईन म्हटलं. गेलो नाई. मंडळच सोडलं. तू मले त्या दिवशी दाखवलं ना, दोन सेकंद जास्त ठेवले तं मानूस चोर दिसते? मी तेच केलं होतं. सगळ्याइले त्याच्याकडे पाहाले लावलं.”

मी विचारलं, “ते कुठे राहतात आता?”

“दुर्गले. पद्मनाभपुरात. पोराच्या घरी.” पत्ता त्यांना पाठ होता.

त्याच आठवड्यात आम्ही गेलो, माझ्या स्कूटीवर. वाटेत बाबांनी एका मिठाईच्या दुकानापाशी थांबायला सांगितलं, आणि मग काही न घेताच म्हणाले, चल. मिठाई नेणं त्यांना बरं वाटलं नसावं.

दार त्या काकांनीच उघडलं. उंच, सडपातळ, अंगात हाफ स्वेटर. त्यांनी बाबांना लगेच ओळखलं. “या,” म्हणाले, जसं कालच भेटले होते. काकूंनी पाणी आणून ठेवलं, आमच्याकडे पाहिलं नाही आणि आत गेल्या. आम्ही निघेपर्यंत त्या परत आल्या नाहीत. चहा काकांनीच आणला.

बाबांनी कप हातात घेतला नाही. “मी चुकलो होतो,” ते म्हणाले. “टेपरेकॉर्डर सापडला होता.”

“मले माहीत हाय,” काका म्हणाले. “सापडला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात समजलं होतं.”

“मंग बोलले कावून नाई?”

“तुमी याल म्हणून वाट पाहिली. दोन-तीन वर्सं पाहिली. मंग सवय सुटली.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तेच ऐकायला जड जात होतं. “घ्या ना चहा, थंड होऊन राहिला.”

बाबांनी चहा घेतला. मग दोघंही गुडघ्यांच्या दुखण्यावर आणि कोणत्या डॉक्टरकडे जातो यावर बोलू लागले. मला कळत होतं की आता गप्प बसायला हवं. पण माझ्या मनात एक प्रश्न वळवळत होता आणि मला तो आवरला नाही. मी माझ्या फिल्मबद्दल सांगितलं आणि विचारलं, “काका, त्या दिवसाचं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आठवतं?”

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता उठवून नेतील. पण काका विचार करू लागले. खरंच विचार करू लागले, जसं असं काही त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“तुह्या बाबाचा चेहरा नाई आठवत,” ते म्हणाले. “बोट नाई आठवत. बाकीच्याइचे चेहरे आठवतात. सगळे एकदम वळले ना माह्याकडे. पंधरा जन. त्याच्यातले अर्धे माह्या घरी जेवले होते. आन् माह्या बाजूले जो बसला होता, तो जरासा सरकला. जागा होती तरी सरकला. थे आठवते.”

“हे मी फिल्ममध्ये घेऊ का?”

“घे,” ते म्हणाले. “नाव नको टाकू.”

परतताना शिवनाथ नदीच्या बाजूचा वारा गार लागत होता. बाबा मागून म्हणाले, “तू विचारलं ते बरं केलं का वाईट, मले समजून नाई राहिलं.” मलाही समजत नव्हतं. अजूनही पुरतं समजलेलं नाही.

घरी येऊन मी मित्राला आणि मैत्रिणीला फोन केला. कॅमेरा आजवर बाबांच्या समोर होता, बोट दाखवणाऱ्याच्या समोर. मी म्हणाले, तो भाडेकरूच्या खुर्चीत ठेवायचा. शेजारचे तेलुगू काका त्या दृश्यात दिसणारच नाहीत. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा, आणि सगळे त्यात पाहतील.

“फिर पता कैसे चलेगा चोर कौन है?” मैत्रिणीने विचारलं. तिचा मुद्दा बरोबर होता. उत्तर द्यायचंच नाही, हा पर्याय मला पहिल्या क्षणी फार भारी वाटला होता. पण आठ मिनिटं थांबलेल्या माणसाला उत्तर न देता घरी पाठवायचं, तर मग घड्याळाचा डाव कशाला रचला? आम्ही त्यावर दोन दिवस भांडलो. कॅन्टीनमध्ये, जिन्यात, फोनवर. शेवटी तोड मैत्रिणीनेच काढली. ती म्हणाली, “सगळे त्याच्याकडे पाहतील. मी नाही पाहणार. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहीन.”

तिसऱ्या रविवारी तसंच केलं. बाबांना बोट दाखवायचं नव्हतं, त्यांना फक्त म्हणायचं होतं, “ऊपर का कमरा किसके पास है?” एवढ्यावरच एकेक चेहरा कॅमेऱ्याकडे वळला. आई वळली. मावशी खुर्चीच्या अगदी बाजूला बसल्या होत्या. त्यांना मी सांगितलं होतं, जरा सरका. त्यांनी नुसता पदर आपल्याकडे ओढून घेतला. सरकण्याहून ते वाईट दिसलं. आणि सगळ्यांच्या मागे, फ्रेमच्या कडेला, कुरुदच्या मैत्रिणीची मान वर, बंद घड्याळाकडे, आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत चाललेला. शेजारचे तेलुगू काका त्या वेळी कॅमेऱ्यामागे उभे राहून मॉनिटर पाहत होते. दृश्य संपलं तेव्हा ते म्हणाले, “सॉरी, एक मिनट,” आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी विचारायला गेले तर म्हणाले, “सब लोग मुझको ही देख रहे थे.”

एकाच वेळेत झालं. परत घ्यावं लागलं नाही.

सादरीकरण कॉलेजच्या छोट्या हॉलमध्ये दुपारी झालं. विनोदी फिल्म करणाऱ्या गटाच्या फिल्मला पहिल्या दोन मिनिटांनंतर कुणी हसेना, ते बिचारे घामाघूम झाले होते. आमची लागली. पहिल्या मिनिटात बंद घड्याळ दिसलं, कुणी लक्ष दिलं नाही. तेलुगू काकांवरचे दोन सेकंद आम्ही मुद्दाम परत लावले होते, ते आले तेव्हा मागून एक मुलगा कुजबुजला, “यही है.” मग शेवटचं दृश्य. चेहरे वळले आणि हॉलमध्ये खुर्च्यांचा एक लहानसा आवाज झाला. माणसं अवघडून बसली होती. अर्ध्याहून जास्त जणांना भाचीची नजर दिसलीच नाही. दिवे लागल्यावर एकीने विचारलं, “पर चोरी की किसने?” आणि तिच्याच शेजारच्या मुलाने सांगितलं, “घड़ी नहीं देखी? बंद थी!” मग दोघांत वाद, मग चार जणांत.

सर बराच वेळ त्यांचा वाद ऐकत राहिले. मग मला म्हणाले, “सगळे नियम पाळलेत. पण मला नेहमीच्या जागी बसू दिलं नाही.” आणि विचारलं, “हे ठरवून केलं की जमून गेलं?”

मी म्हणाले, “एक माणूस भेटला, त्यांनी सांगितलं.” बाबा शेवटच्या रांगेत आईसोबत बसले होते. त्यांनी मान खाली घातली नाही.

फिल्म बाबांनीच दुर्गच्या काकांना मोबाइलवर पाठवली. चार दिवस काही नाही. मग पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. बाबांनी स्पीकरवर टाकला.

“पाहिली,” काका म्हणाले. “तीन वेळा पाहिली. बाईनं पदर ओढला ते बरोबर हाय.”

“होय का,” बाबा म्हणाले.

“पन खुर्ची कावून ठेवली? आमी सगळे खाली सतरंजीवर बसलो होतो. उभा तर तूच होता फक्त.”

माझ्या लक्षात आलं, त्यांच्या घरी गेलो तेव्हा ‘तुमी’ असलेले बाबा आता ‘तू’ झाले होते. बाबांच्याही आलं असावं, कारण त्यांनी फोन जरा जवळ ओढून घेतला. मग म्हणाले, “पोरीले सांगतो.”

“सांग. आन् घरी ये एखाद दिवशी. माही बाई बोलन का नाई सांगता येत नाई, पन तू ये.”

फिल्म जमा झाली होती, गुण लागले होते, मित्राचा कॅमेरा एका लग्नाच्या कामाला गेला होता. तरी मी बैठकीतली खुर्ची सरकवली, खाली फरशीवर बसले आणि मोबाइल डोळ्यांसमोर धरला. बाबांना म्हटलं, तुम्ही तिथं उभे राहा. ते उभे राहिले. खालून त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता; हनुवटी मोठी, डोळे चष्म्याच्या काचेत हरवलेले, आणि डोक्यामागे पंखा.

“कसा दिसतो?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना मोबाइल दिला, त्यांच्या जागी उभी राहिले आणि म्हटलं, “तुमीच खाली बसून पाहा.”